डावऱ्याच्या हेल्मेटवरचं लिंबू

डावऱ्यानं आयुष्यात चार माणसांना मारलं. पैकी तिघांना मारायलाच हवं होतं असं तो आजही सांगतो, आणि उरलेल्या एकाचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो. मेंढ्या किती मारल्या ते विचारू नका. बावीस वर्षं कत्तलखान्यात सुरी चालवणाऱ्याला तो आकडा विचारणं म्हणजे शिंप्याला टाके विचारणं.

पहिला होता मेहुणा, थोरल्या बहिणीचा नवरा. हा गृहस्थ चारचौघांत गाईसारखा गरीब आणि घरात बायकोवर हात उचलणारा. ताईनं कधी तोंडातून ब्र काढला नाही. एकदा डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आली आणि म्हणाली, दार लागलं. डावऱ्यानं तिला बसवलं, चहा दिला, आणि तिच्या घरी जाऊन त्या दाराची विचारपूस करून आला. मेहुण्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. त्याच दिवशी कपड्यांची एक पिशवी घेऊन ताई भावाकडे आली ती कायमचीच.

दुसरा जनावरांच्या गाडीचा ड्रायव्हर. गाडीतून उतरायला घाबरणाऱ्या मेंढीच्या डोळ्यात तो लोखंडी गज खुपसत होता. डावऱ्यानं गज हिसकावला आणि त्याच्याच पाठीवर वाकवला. मारायचं तर नीट मारावं, हाल करू नयेत, हे डावऱ्याचं तत्त्व. त्यापायी तो दर दहा जनावरांमागे सुरीला धार लावायचा. लोक हसायचे, कसाई आणि म्हणे दयाळू. हसोत बापडे. बोथट सुरीखाली तडफडणारं जनावर ज्यानं एकदा पाहिलंय, तो हसत नाही.

डावरा म्हणजे डावखुरा. कत्तलखान्यात डावखुऱ्याची मोठी पंचाईत असते. वर साखळी फिरते, साखळीला आकडे, आकड्यांना उलटी टांगलेली मेंढरं, आणि खाली एका ओळीत सुरीवाले. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. त्या ओळीत डावखुरा उभा केला तर त्याचं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत आणि शेजाऱ्याची सुरी त्याच्या मांडीत. एकदा तसं झालंही होतं, बारा टाके पडले होते. तेव्हापासून डावरा साखळीच्या पलीकडच्या बाजूला एकटा उभा राहायचा. त्याच्या बरोब्बर समोर शिट्ट्या. याचे पुढचे दोन दात एका भांडणात गेलेले, आणि त्या फटीतून तो दिवसभर शीळ घालायचा. दोघांच्या तोंडांमध्ये हातभर अंतर आणि एक मेंढी. अकरा वर्षं ते असे एकमेकांकडे बघत कापत होते.

आता ताईबद्दल. ती आठ वर्षांनी मोठी. आई कामाला जायची, म्हणून हे लोढणं लहानपणी ताईच्या गळ्यात. पकडापकडी खेळायला गेली की भाऊ कडेवर. पोरं कुरकुरायला लागली की ती सांगायची, "हा कच्चा लिंबू आहे. ह्याला शिवलं तरी हा आऊट नाही, ह्याच्यावर राज्य नाही." कुणी वाद घातला तर चपलेनं मारायची. डावरा आपला मोकाट पळायचा, लोकांच्या हातांखालून, खिदळत. असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एक दिवस कुणीतरी त्याला शिवलं, तो नेहमीसारखा हसत पुढे धावला, आणि ताईच ओरडली, "थांब. तू आऊट. घे राज्य."

"मी कच्चा लिंबू आहे."

"काल होतास," ताई म्हणाली.

त्यानं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. चार दातांच्या खुणा तिच्या मनगटावर शेवटपर्यंत होत्या, आणि चिडवायचं झालं की ती बाही वर करून मनगट त्याच्या नाकासमोर धरायची.

भावाकडे राहायला आल्यावर काही वर्षांनी ताईची मूत्रपिंडं निकामी झाली. आईनं आपलं एक दिलं. शरीरानं ते परकं म्हणून फेकून देऊ नये यासाठी ताईला जन्मभराच्या गोळ्या लागल्या. डॉक्टरांनी डावऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितलं, "तिच्या अंगातले राखणदार आम्ही गोळ्या देऊन झोपवलेत. चोर आला तर कुणी उठायचं नाही. तेव्हा चोर दारातच अडवायचा." आई पुढे वारली. तिचं मूत्रपिंड ताईच्या पोटात चालत राहिलं, आणि दार अडवायचं काम डावऱ्याकडे आलं.

मग कोविड आला. शहर बंद झालं, पण कत्तलखाना बंद झाला नाही. लोकांना खायला तर लागणारच. गारठा, ओल, खांद्याला खांदा आणि यंत्रांच्या आवाजात तोंडाशी तोंड नेऊन ओरडणं. त्या रोगाला याहून चांगलं माहेर मिळालं नसतं. पंधरा दिवसांत माणसं पटापट पडायला लागली आणि उरलेली पिसाळली. कपडे बदलायच्या खोलीत एकाला ठसका लागला म्हणून चौघांनी त्याला बुटांनी तुडवला. फाटकावर ताप बघणाऱ्या शिपायाच्या डोक्यात कुणीतरी आकडा घातला. हातात सुऱ्या असलेली दीडशे माणसं एकमेकांना घाबरायला लागली, की मुकादमालाही घाम फुटतो.

एप्रिलमध्ये डावऱ्याला झाला. समोरासमोर उभे राहणारे ते दोघंच, आणि शिट्ट्या सुटला, हा सापडला. नशीब एवढंच की पहिल्या तापालाच तो घरी न जाता परस्पर दवाखान्यात गेला. अकरा दिवस अंग असं दुखलं की जणू कुणी मुसळानं कांडतंय. परत आला तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता. पण मुकादमानं त्याला फाटकावरच मिठी मारली.

मुकादमाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली होती. ज्याला होऊन गेला त्याच्या हेल्मेटवर हिरवट पिवळ्या रंगाचा गोल ठिपका. "गोवरासारखं आहे हे. एकदा झाला की झाला." ठिपका बघून कुणीतरी म्हणालं, हे तर कच्चे लिंबू, यांच्यावर राज्य नाही. झालं, नाव पडलं. लिंबांना मास्क माफ. लिंबांच्या मधले प्लॅस्टिकचे पडदे काढले. जिथे माणूस पडेल तिथे लिंबू उभं करायचं. आणि जेवायला लिंबांची वेगळी खोली, जिथे चाळीस जण मांडीला मांडी लावून बसत, खोकत, हसत, एकाच बाटलीनं पाणी पीत. बाकीचे काचेतून हेव्यानं बघत.

घरीही लिंबाचं राज्य आलं. ताई मागच्या खोलीत बंद. डावऱ्याची बायको घरीच शिवणकाम करायची, गिऱ्हाईक यायचं, म्हणून ती खोलीच्या उंबऱ्यापाशी मास्क लावून थांबायची आणि ताट आत सरकवायची. तिनंच नियम केला, "उंबऱ्याच्या आत फक्त लिंबू." मग रोज कामावरून आला, अंघोळ केली, की डावरा आत. तो ताईला औषधं द्यायचा, तिची नखं कापायचा, रविवारी तिचे केस धुवायचा. दिवसभर ज्या हातानं गळे चिरले त्याच डाव्या हातानं तो तिचा गुंता सोडवायचा, आणि एक केस तुटला तरी ताई किंचाळायची.

"मेंढी समजलास काय रे मला?"

"मेंढ्या एवढा आवाज करत नाहीत."

खरं सांगायचं तर डावऱ्याला हे दिवस आवडत होते. बाहेर लोक मरत होते आणि तो सुखात होता. सगळ्या जगात ताईला हात लावू शकणारा माणूस एकच, आणि तो आपण, हे त्याच्या डोक्यात गेलं होतं. मला वाटतं, कुणाच्याही गेलं असतं.

कत्तलखान्याच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. पन्नाशीची, जाड भिंगांची, कुणाच्या बापाला न भिणारी. तिला हा लिंबांचा प्रकार पहिल्यापासून नापसंत. जुलैमध्ये तिनं एकेका लिंबाला बोलावलं आणि काळ्या मार्करनं प्रत्येकाच्या ठिपक्यावर तारीख लिहिली. डावऱ्याच्या लिंबावर लिहिलं, '१५ ऑक्टोबरपर्यंत'.

"हे काय, सिस्टर? दुधाच्या पिशवीसारखं?"

"तसंच समज. एकदा झाला की अंग शिकतं. पण शिकलेलं हळूहळू विसरतं. कुणी तीन महिन्यांत विसरतं, कुणी वर्षभर धरून ठेवतं. आणि रोगानं सोंग बदललं तर शिकलेलं अर्धंच कामाला येतं."

"मग तुम्ही सहा महिनेच का लिहिले?"

"कारण नक्की कुणालाच माहीत नाही, आणि काहीतरी लिहायलाच हवं. दुसऱ्यांदा झाला तर तुला बहुतेक सर्दीएवढाच होईल, अंग सगळंच विसरत नाही. पण तेवढी सर्दी दुसऱ्याला द्यायला पुरते. तुझ्या घरी कोण आहे ते मला माहीत आहे. तारीख गेली की मास्क लावायचा, आणि नाक वाहिलं की आधी माझ्याकडे यायचं."

डावऱ्यानं मान डोलावली. त्याला सगळं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तो माहीत नसल्यासारखं विचारेल.

त्या दिवसांत कपड्यांची कपाटं बंद ठेवलेली, त्यामुळे हेल्मेट घरी न्यावं लागे. डावरा ते ताईच्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, म्हणजे बायकोच्या डोळ्यांसमोर. चौदा ऑक्टोबर रविवार नव्हता, तरी त्यानं ताईचे केस धुतले. ती म्हणाली, आता तुझ्याशिवाय कुणाचा हात डोक्याला चालायचा नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर त्यानं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि सुरीच्या टोकानं तारीख खरवडली. लिंबाला धक्का न लावता फक्त अक्षरं. हात त्याचा सफाईचाच.

बायकोनं विचारलं. तो म्हणाला, रोज ब्लीचनं धुतो, पुसली गेली. बायकोनं हेल्मेटवरून बोट फिरवून बघितलं, पण ताट उंबऱ्यावरून त्याच्या हातात दिलं.

डिसेंबरात शहरात रोग पुन्हा चढला. डावऱ्याचं नाक वाहायला लागलं. गारठ्यात बावीस वर्षं वाहतंय, त्यात नवल ते काय. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. समोर शिट्ट्या खोकत होता. शिट्ट्याला अजून झाला नव्हता, त्याच्या हेल्मेटवर लिंबू नव्हतं. दोघांच्या मध्ये पडदा होता, पण पडद्याला मेंढीच्या उंचीची फट होती, आणि त्या फटीतून खोकला येत होता. पहिल्या दिवशी डावऱ्यानं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, घरी जा. शिट्ट्या म्हणाला, ब्लीचच्या वाफेनं खोकतोय, घसा जळतोय. तिसऱ्या दिवशी शिट्ट्या मास्क हनुवटीखाली ओढून शीळ घालायला गेला आणि मध्येच खोकल्याची उबळ आली. थुंकीचा थेंब फटीतून डावऱ्याच्या गालावर पडला.

डावऱ्यानं सुरी खाली ठेवली, एवढी शुद्ध त्याला होती. मग पडदा फाडून तो पलीकडे गेला. मधली मेंढी आकड्यावर गरगर फिरली आणि तिचं रक्त दोघांच्या तोंडावर उडालं. शिट्ट्या हात जोडत होता. डावऱ्यानं त्याला कॉलरला धरून खांबावर आदळलं आणि डाव्या हाताचे तीन ठोसे दिले. पहिल्यालाच जबडा मोडल्याचा आवाज झाला, ओलं लाकूड मोडतं तसा. पुढचे दोन उगाच होते. "घरी ताई आहे माझ्या," तो ओरडत होता, "तुला माहीत आहे, ताई आहे घरी." शिट्ट्याला ते माहीत होतं. त्याच्या आईनं ताईसाठी दोनदा लोकरीचे मोजे विणून पाठवले होते. साखळी थांबवायचं कुणाला सुचलं नाही, मेंढ्या एकेक करून तशाच न कापता पुढे गेल्या.

सिस्टर धावत आली. शिट्ट्याच्या तोंडातलं रक्त पुसता पुसता तिनं त्याच्या नाकात काडी घातली. मग उठली, डावऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या नाकाकडे बघितलं.

"हे कधीपासून?"

"गारठा आहे."

"कधीपासून, विचारलं."

"चार दिवस."

तिनं त्याच्याही नाकात काडी घातली. पट्टीला पंधरा मिनिटं लागतात. डावरा बाकावर हात मांडीत घेऊन बसला, बोटांवर दोघांचं रक्त आणि मेंढीचं. सिस्टरनं दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या. शिट्ट्याच्या पट्टीवर एक रेघ, निर्मळ. डावऱ्याच्या पट्टीवर दोन.

त्यानं बायकोला फोन लावला. "ताईच्या खोलीचं दार लावून घे. मी येत नाहीये. मला झालाय."

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"तिला पहाटेपासून ताप आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला फोन करणारच होते."

मुकादम आपल्या खोलीत होता. डावऱ्यानं ठेवलेली सुरी उचलली, दार लाथेनं उघडलं, त्याला खुर्चीसकट भिंतीला नेऊन टेकवलं आणि मानेखाली ती लावली, नेमकी तिथे, जिथे बावीस वर्षं लावत आला होता.

"किती दिवसांचं होतं तुमचं लिंबू? बोला. किती दिवसांचं?"

मुकादमाची पँट ओली झाली. पण मरायला टेकलेला माणूस खरं बोलतो. "तारीख टाकली होती सिस्टरनं. तुझ्या टोपीवर मी स्वतः वाचली होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. मी कशाला विचारू, मला माणूस हवाच होता." त्यानं गिळलं, तेव्हा सुरीचं पातं वरखाली झालं. "पण खरवडली कुणी, डावऱ्या?"

डावऱ्यानं सुरी काढली. तरी त्यानं मुकादमाचं नाक फोडलंच. ते मारणं त्याच्या हिशोबात योग्य होतं, माझ्याही. मात्र मारताना तो रडत होता, आणि ठोसा पहिल्यासारखा बसला नाही.

ताईला इस्पितळात नेलं. डावऱ्याला घरातल्या त्याच मागच्या खोलीत कोंडलं. त्याला सिस्टर म्हणाली तसंच झालं, चार दिवस नाक वाहिलं, जिभेची चव गेली, संपलं. तिकडे ताईच्या अंगात चोर घरभर फिरत होता आणि कुणी उठत नव्हतं. सहाव्या दिवशी तिथल्या नर्सनं फोनवर तिचा चेहरा दाखवला. तोंडाला प्राणवायूचा मुखवटा, गालांवर त्याचे वळ. छाती अशी उडत होती, जणू आत कुणी मारामारी करतंय.

डावऱ्यानं सगळं सांगितलं. तारीख, सुरी, शिट्ट्याचा जबडा. काही लपवलं नाही. ताई ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. मग तिनं मुखवटा थोडा बाजूला ओढला. नर्स नको नको म्हणत होती.

"काल होतास," ताई म्हणाली. श्वास घेतला. "घे आता राज्य."

आणि तिनं हात उचलून मनगट फोनसमोर धरलं. सलाइनच्या पट्टीखालून दातांच्या दोन खुणा दिसत होत्या. ती हसत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

नवव्या दिवशी ताई गेली. आईचं मूत्रपिंड शेवटपर्यंत चालू होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मुकादमानं तक्रार केली नाही. केली असती तर तारीख वाचून आपण गप्प का बसलो, हे त्यालाही सांगावं लागलं असतं. शिट्ट्यानंही केली नाही, का ते देव जाणे. पण डावऱ्याची सुरी गेली. त्याला हेल्मेटं धुवायच्या खोलीत बसवलं. कपाटं पुन्हा उघडल्यामुळे हेल्मेटं आता कामावरच राहत. ज्याला होऊन जाईल तो इथे येतो. डावरा त्याला दिवस विचारतो, सिस्टरच्या वहीशी ताडून बघतो आणि खिळ्यानं प्लॅस्टिकमध्ये तारीख कोरतो, खोल, मार्करनं नव्हे. कुणी म्हणालं, राहू दे रे, कशाला, तर त्याची मानगूट धरून कोरतो. एकानं ती घासून काढली, तर डावऱ्यानं त्याला फाटकापर्यंत फरपटत नेलं आणि बाहेर फेकलं. त्या दिवशी सिस्टर खिडकीतून बघत होती.

फेब्रुवारीत शिट्ट्या आला. जबड्यातल्या तारा निघाल्या होत्या, पण तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं आणि शीळ कायमची गेली. त्यालाही शेवटी झाला होता, हलकाच. त्यानं हेल्मेट पुढे केलं.

"तारीख टाक."

डावऱ्यानं वही बघितली, हेल्मेट गुडघ्यांत धरलं आणि कोरायला लागला. शिट्ट्या दाराला टेकून उभा होता.

"साखळीवर एक नवा माणूस आलाय," शिट्ट्या वाकड्या तोंडानं म्हणाला. "विचारत होता, धुण्याच्या खोलीतल्या त्या माणसानं किती जणांना मारलंय. मी चार सांगितले."

डावऱ्यानं कोरलेल्या तारखेवरचा भुसा फुंकला आणि अंगठा फिरवून बघितला.

"पाच सांग," तो म्हणाला, आणि हेल्मेट शिट्ट्याच्या हातात दिलं.